पत्ता बरोबर, घर भलतंच!

लिंक अनोळखी नव्हती, स्पेलिंग चुकलं नव्हतं, ओटीपीही कुणाला सांगितला नव्हता. तरीसुद्धा तुम्ही खोट्या साइटवर पोचू शकता. इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत कुणी चुकीची नोंद घुसवली, तर नेमकं काय होतं?

समजा, तुम्ही कुहीत आहात. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत उद्या संपतेय, मोबाइलचा डेटा सकाळीच संपलाय, म्हणून तुम्ही नेट सेंटरवर जाऊन बसलाय. मागे चार जण रांगेत उभे आहेत. सायबर सुरक्षेवरची सगळी भाषणं तुम्ही कॉलेजात ऐकलेली आहेत. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर क्लिक करायचं नाही, हे तुम्हाला पाठ आहे. म्हणून साइटचा पत्ता तुम्ही स्वतः, अक्षर न अक्षर बघून टाइप करता. पान उघडतं. तोच लोगो, तेच रंग, तीच लॉगिनची चौकट. तुम्ही युजर आयडी आणि पासवर्ड टाकता.

आता सांगा, हे पान खरं होतं हे तुम्हाला कशावरून कळलं?

‘काहून? पत्ता बरोबर होता ना!’ आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर हेच असेल. पण बरोबर पत्ता टाइप करणं आणि बरोबर जागी पोचणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोन्हींच्या मध्ये एक यंत्रणा बसलेली असते. तिचं नाव डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम. तुम्ही दिवसातून शेकडो वेळा तिला प्रश्न विचारता आणि ती काय उत्तर देते हे कधीच बघत नाही.

‘आज रात्री तुमची वीज कापली जाईल’ असे खोटे मेसेज अनेकांना आलेत. त्यांच्यापासून सावध राहा, असं महावितरणनेही वारंवार सांगितलंय. पण तिथे नंबर किंवा लिंकच खोटी असते. नीट पाहिलं तर पकडता येते. आज ज्याबद्दल बोलायचंय, त्यात पकडायला तसं काही नसतं. नाव शंभर टक्के खरं असतं, खोटी असते ती त्या नावामागची जागा. या हल्ल्याला म्हणतात डीएनएस कॅश पॉयझनिंग.

पानठेल्यावर विचारलेला पत्ता

संगणकाला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. इंटरनेट लहान होतं तेव्हा कोणतं नाव म्हणजे कोणता आकडा, याची एकच यादी अमेरिकेत ठेवलेली असायची आणि सगळे तीच उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस या संशोधकाने डीएनएसची रचना मांडली. एकच मोठी वही ठेवण्याऐवजी जबाबदारी वाटून दिली. ज्याने त्याने आपापल्या भागाची वही सांभाळायची.

हे कसं चालतं, ते आपल्या भाषेत बघू. एखादा नवखा माणूस कुहीत एसटीतून उतरतो आणि पहिल्या पानठेल्यावर विचारतो, ‘भाऊ, तहसील कुठे?’ ठेलेवाल्याला माहीत असेल तर तो लगेच सांगतो. नसेल तर एखाद्या पोराला विचारून यायला पाठवतो. उत्तर आलं की ते पाहुण्याला सांगतो आणि स्वतःही लक्षात ठेवतो. दहा मिनिटांनी दुसरा पाहुणा तेच विचारत आला, तर पोराला पुन्हा पिटाळायची गरज नाही.

हा ठेलेवाला म्हणजे रिझॉल्व्हर. तो बहुतेक वेळा तुमच्या इंटरनेट कंपनीचा असतो. त्याचं लक्षात ठेवणं म्हणजे कॅश. हा कॅश नोटांचा नाही, ही आठवणींची साठवण. ती नसती, तर प्रत्येक क्लिकला इंटरनेट अडखळलं असतं.

रिझॉल्व्हर कुणाकुणाला विचारतो, तेही बघा. तुम्ही ‘महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ हे टाइप केलंत. आपण हे डावीकडून वाचतो, रिझॉल्व्हर उजवीकडून चालत येतो. आधी तो मुळाशी जातो, म्हणजे रूट सर्व्हरकडे. जगात रूट सर्व्हरची १३ नावं आहेत आणि त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत. त्यातली एक २००५ पासून मुंबईतही आहे. मूळ सांगतं, ‘इन’ची वही कुणाकडे आहे. ‘इन’चा कारभार निक्सी ही भारतीय संस्था बघते. तिथून ‘गव्ह’, म्हणजे सरकारी नावांकडे. तिथून महाराष्ट्राकडे आणि शेवटी महाडीबीटीच्या आकड्याकडे. तहसीलचा पत्ता हवा असेल तर आधी जिल्हा, मग तालुका, मग रस्ता, तसंच. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. लक्षात ठेवलेल्या प्रत्येक उत्तराला मुदत असते. ती का लागते, हे कुही तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातली गावं उठली आणि नव्या जागी वसली. नाव तेच राहिलं, जागा बदलली. जुना पत्ता पाठ असलेला माणूस पाण्याच्या काठावर जाऊन उभा राहणार! इंटरनेटवरही सर्व्हरची जागा बदलते, म्हणून उत्तरासोबतच सांगितलेलं असतं की हे पाच मिनिटं धरा, हे एक तास, हे एक दिवस. मुदत संपली की रिझॉल्व्हरने पुन्हा विचारायचं.

म्हणजे रिझॉल्व्हरला एकदा खोटं उत्तर मिळालं, तर मुदत संपेपर्यंत तो तेच खोटं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहतो. अगदी प्रामाणिकपणे! ठेलेवाल्याला फसवायला एकदाच यावं लागतं. पुढचं काम तो स्वतःच करतो.

जो आधी बोलेल तो खरा

मास कॉमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात, ‘सोर्स तपासा.’ बातमी कुणी दिली, त्याला कसं माहीत, दुसरीकडून खात्री झाली का? डीएनएस बनवलं गेलं तेव्हा त्यात हे तपासणं जवळपास नव्हतंच. इंटरनेटवर तेव्हा विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या. सगळे एकमेकांना ओळखत होते, खोटं कोण बोलणार?

रिझॉल्व्हर प्रश्न पाठवतो तेव्हा त्यावर एक क्रमांक टाकतो. उत्तरावर तोच क्रमांक असेल, तर उत्तर खरं मानायचं. क्रमांकाचे पर्याय फक्त ६५,५३६. आणि जुळणारं पहिलं उत्तर स्वीकारायचं, नंतर आलेलं फेकून द्यायचं. म्हणजे ही शर्यत झाली. खरं उत्तर वाटेत असताना कुणी हजारो खोटी उत्तरं वेगवेगळे क्रमांक टाकून धडाधड पाठवली आणि त्यातलं एक जुळलं, की संपलं.

या व्यवस्थेतल्या विश्वासाचा गैरवापर होऊ शकतो, हे अमेरिकेतले संशोधक स्टीव्हन बेलोविन यांनी १९९० मध्येच लिहून ठेवलं होतं. धोका एवढा मोठा वाटला, की तो लेख त्यांनी १९९५ पर्यंत छापलाच नाही. पुढे जुलै १९९७ मध्ये युजीन कॅशप्युरेफ नावाच्या माणसाने ते करून दाखवलं. त्या वेळी डोमेन नावांची नोंदणी ‘इंटरनिक’च्या साइटवर व्हायची. याने रिझॉल्व्हरांमध्ये खोट्या नोंदी घुसवून तिथे जाणाऱ्यांना स्वतःच्या साइटवर वळवलं. त्याची युक्ती साधी होती. त्या काळी रिझॉल्व्हर न विचारलेली माहितीही लिहून घ्यायचे. ‘तहसील कुठे’ या प्रश्नाच्या उत्तरात कुणी जाता जाता म्हणावं, ‘आणि हो, बँकसुद्धा हलली बरं का तिकडे,’ आणि ठेलेवाल्याने तेही लक्षात ठेवावं, असा प्रकार.

मग नियम कडक झाले. ज्याच्या हद्दीतली माहिती, ती त्यानेच द्यायची. बाकीचं कानाआड करायचं. सगळ्यांना वाटलं, झालं काम. आणखी एक संरक्षणही होतं. हल्लेखोर शर्यत हरला तर खरं उत्तर कॅशमध्ये बसायचं आणि त्याची मुदत संपेपर्यंत पुढचा डाव खेळताच यायचा नाही. दिवसाला एकच संधी मिळत असेल, तर कोण वाट बघत बसेल?

२९ वर्षांचा डॅन आणि १६ इंजिनिअर

२००८ च्या सुरुवातीला डॅन कॅमिन्स्की या अमेरिकन सुरक्षा संशोधकाच्या लक्षात आलं, की वाट बघायची गरजच नाही. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्यापेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठा.

त्याची युक्ती अशी. बँकेच्या मुख्य नावाबद्दल विचारूच नका. त्याच नावाच्या पोटात नसलेली नावं विचारा. ‘एक डॉट अमुक बँक’, ‘दोन डॉट अमुक बँक’, ‘तीन डॉट अमुक बँक’. ही नावं अस्तित्वातच नाहीत, त्यामुळे ती कॅशमध्ये नसतात आणि रिझॉल्व्हरला दरवेळी नव्याने विचारावं लागतं. म्हणजे दरवेळी नवी शर्यत! एक हरलात, दुसरी सुरू. दिवसाला एक संधी होती, तिथे सेकंदाला कितीतरी मिळायला लागल्या. त्यातली एक जरी जिंकली, तरी खोट्या उत्तरात लिहायचं, ‘मला हे नाव माहीत नाही, पण या बँकेच्या सगळ्या नावांची वही अमक्या पत्त्यावर आहे, तिथे विचारा.’ तो पत्ता अर्थातच हल्लेखोराचा. उत्तर त्याच हद्दीतलं, म्हणून कडक झालेला नियमही पास! एक फुटकळ नाव जिंकलं आणि अख्खी बँक हातात आली. ज्या रिझॉल्व्हरांमध्ये त्या क्रमांकाशिवाय दुसरं संरक्षण नव्हतं, त्यांच्यावर हे काही मिनिटांत जमत होतं.

हे विकून भरपूर पैसा मिळाला असता. कॅमिन्स्कीने फोन उचलला आणि डीएनएसचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लोकांना सांगितलं. ३१ मार्च २००८ ला मायक्रोसॉफ्टच्या आवारात १६ तज्ज्ञ गुपचूप भेटले. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी ठरवलं, की दुरुस्ती सगळ्यांनी एकाच दिवशी सोडायची. नाहीतर एकाची दुरुस्ती वाचून हल्लेखोर बाकीच्यांचं भोक शोधतील. ८ जुलै २००८ ला ती दुरुस्ती आली.

दुरुस्ती म्हणजे काय? प्रश्न दरवेळी वेगळ्या दारातून पाठवायचा. तोवर अनेक रिझॉल्व्हर एकाच ठरलेल्या पोर्टमधून प्रश्न पाठवत होते. आता हल्लेखोराला क्रमांकही ओळखायचा आणि दारही. ६५,५३६ शक्यतांच्या जागी सुमारे ४०० कोटी शक्यता झाल्या. विशेष म्हणजे डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने आपल्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये हे कितीतरी वर्षं आधीच केलं होतं. पण बाकीच्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

कॅमिन्स्की ऑगस्टमध्ये सगळा तपशील जाहीर करणार होता, पण तो जुलैमध्येच फुटला. महिनाअखेरीस अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये एका मोठ्या फोन कंपनीच्या दुरुस्त न केलेल्या सर्व्हरमध्ये खोटी नोंद घुसली आणि काही लोक गूगलऐवजी भलत्याच पानावर गेले. त्यात एच. डी. मूर या सुरक्षा संशोधकाची कंपनीही सापडली. या हल्ल्याचं चाचणी साधन ज्या मेटास्प्लॉइटमध्ये नुकतंच आलं होतं, तो मेटास्प्लॉइट बनवणारा माणूस हाच! त्याचा स्वतःचा संगणक ठीक होता, पण तो ज्याला पत्ता विचारत होता, तो सर्व्हर ठीक नव्हता. हा मुद्दा ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

कॅमिन्स्की एप्रिल २०२१ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी गेला. त्याने सुचवलेली दुरुस्ती आजही चालू आहे, पण ती लढाई संपलेली नाही. २०२० मध्ये अमेरिका आणि चीनमधल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ते ‘दार’ कोणतं हे आडमार्गाने ओळखता येतं, असं दाखवलं. २०२१ मध्ये घरगुती राउटरांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीएनएस-मास्क या प्रोग्रॅममध्ये सात दोष सापडले. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जगभर वापरल्या जाणाऱ्या बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा कॅश पॉयझनिंगला वाट देणारे दोष निघाले. त्यातल्या एका दोषात क्रमांक आणि दार दोन्हींचा अंदाज बांधता येत होता. फिरून तिथेच!

मुंबईपासून कुहीपर्यंत

‘हे सगळं अमेरिकेत, आपल्याला काय?’ असं वाटत असेल तर थांबा.

रिझॉल्व्हरने चुकीचं उत्तर देणं आपल्याकडे अनोळखी नाही. सरकार किंवा कोर्टाच्या आदेशाने साइट बंद करायची असते, तेव्हा इंटरनेट कंपन्या कधी कधी हाच मार्ग वापरतात. २०१८ मध्ये आयआयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी नऊ मोठ्या कंपन्या तपासल्या. मुंबई आणि दिल्लीत सेवा देणारी एमटीएनएल आणि देशभर पसरलेली बीएसएनएल, या दोघींचे काही रिझॉल्व्हर बंद साइटसाठी मुद्दाम बदललेलं उत्तर देत असल्याचं त्यांना आढळलं. सगळे रिझॉल्व्हर सारखं वागतही नव्हते. हेतू चोरीचा नव्हता, आदेश पाळण्याचा होता. पण तंत्र बघा. तुम्ही नाव बरोबर टाइप केलंत, वहीने दुसरंच सांगितलं, तुमच्या स्क्रीनवर त्याचा पत्ताही लागला नाही. तेच तंत्र भलत्याच्या हातात गेलं तर?

तसंही झालंय. एस्टोनियातून चालणाऱ्या टोळीने डीएनएस-चेंजर नावाचा व्हायरस पसरवला होता. तो फाइली पुसायचा नाही, स्क्रीन बंद करायचा नाही. तो फक्त संगणकाचा ठेलेवाला बदलायचा. ‘यापुढे पत्ते यालाच विचार.’ शंभराहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक या टोळीच्या सर्व्हरला पत्ते विचारत होते. त्यात भारतातलेही होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने टोळी पकडली, तेव्हा वेगळाच पेच उभा राहिला. खोटे सर्व्हर बंद केले, तर या लाखो लोकांचं इंटरनेटच बंद पडणार! म्हणून त्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले.

ब्राझीलमध्ये तर चोरांनी घरातले मोडेमच गाठले. सुरक्षा कंपनी कॅस्परस्कीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सांगितलं, की तिथल्या ४५ लाख मोडेमची डीएनएस सेटिंग परस्पर बदलली गेली होती. लोक बँकेचं नाव बरोबर टाइप करत होते आणि चोरांच्या पानावर पोचत होते. २०११ मध्ये तिथे एका इंटरनेट कंपनीच्या कर्मचाऱ्यालाही अशाच कामासाठी अटक झाली होती.

हे दोन प्रकार शब्दशः कॅशमध्ये विष कालवणं नाहीत. इथे ठेलेवाल्याला फसवलं नाही, ठेलाच बदलला. पण तुमच्यापुरता शेवट तोच. आणि तालुक्याच्या गावात हा धोका जास्त जवळचा आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये एक राउटर चार माणसांना पुरतो. कुहीसारख्या गावात नेट सेंटर, सेवा केंद्र, वसतिगृह किंवा कॉलेजची लॅब अशा ठिकाणी एका राउटरमागे दिवसभरात शंभर माणसं येऊन जाऊ शकतात. सातबारा, जातीचा दाखला, परीक्षेचा फॉर्म, पीक विमा, बँक, सगळं तिथूनच. त्या राउटरला बसवताना आलेला ‘ॲडमिन-ॲडमिन’ हाच पासवर्ड अजून असेल, तर एका बदललेल्या सेटिंगने त्या सगळ्यांचा रस्ता बदलतो. मूर यांच्यासारखंच होतं, तुमचा मोबाइल कितीही स्वच्छ असो.

सही असलेलं उत्तर

यावर पक्का उपाय नाही का? आहे. उत्तरावर सही मागायची. डीएनएसएसईसी नावाच्या व्यवस्थेत प्रत्येक वहीवाला आपल्या नोंदीवर डिजिटल सही करतो आणि त्याच्या सहीची हमी वरचा वहीवाला देतो, थेट मुळापर्यंत. जुलै २०१० मध्ये मुळावर सही झाली. आता कुणी कितीही घाईने खोटं उत्तर पाठवलं, तरी सही जुळत नाही म्हणून रिझॉल्व्हर ते फेकून देऊ शकतो. अडचण अशी, की सही दोन्हीकडून लागते. साइटवाल्याने करायची आणि रिझॉल्व्हरने तपासायची. अजूनही असंख्य नावांवर सहीच नाही.

रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे वेगळं नाव आणलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं, हे तुम्ही वाचलं असेल. त्याने मिळत्याजुळत्या नावांच्या खोट्या साइट ओळखणं सोपं होतं. चांगलंच आहे. पण खरं नाव खोट्या जागी नेणाऱ्या हल्ल्याला फक्त नाव बदलून उत्तर मिळत नाही.

मग आज आपल्या हातात काय आहे? ब्राउझरची ताकीद. साइट एचटीटीपीएस असेल तर ब्राउझर तिच्याकडे प्रमाणपत्र मागतो. तुम्हाला खोट्या जागी नेणाऱ्याकडे त्या नावाचं खरं प्रमाणपत्र सहसा नसतं. प्रमाणपत्र देणारी संस्थाच फसली तर गोष्ट वेगळी, पण ते सोपं नाही. मग स्क्रीनवर येतं, ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही.’

आणि इथेच आपण घोळ घालतो. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रांच्या साइट, वायफायची लॉगिन पानं, यांनी आपल्याला सवय लावलीय. ‘ॲडव्हान्स्ड’ दाबा, ‘तरीही पुढे जा’ दाबा, फॉर्म भरा. मागे रांग उभी असते, दादा म्हणतो, ‘दाबा ना, रोजच येतं ते!’

ही सवय किती महाग पडते, बघा. २४ एप्रिल २०१८ ला हल्लेखोरांनी ॲमेझॉनच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारे रस्तेच सुमारे दोन तास आपल्याकडे वळवले आणि मायइथरवॉलेट या क्रिप्टो साइटचा खोटा पत्ता पसरवला. गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरणाऱ्यांनाही तो खोटा पत्ता मिळाला. एवढी मोठी नावं, तरी डीएनएस फसलं. पण ब्राउझर फसला नाही. खोट्या साइटचं प्रमाणपत्र बनावट होतं, त्याने ताकीद दाखवली. जे तिथे थांबले, ते वाचले. जे ‘तरीही पुढे जा’ म्हणून आत गेले आणि लॉगिन केलं, त्यांचे मिळून सुमारे दीड लाख डॉलर गेले.

हा सगळा लेख विसरलात तरी चालेल, हे एक लक्षात ठेवा. ज्या पानावर पासवर्ड, आधार किंवा पैसे द्यायचेत, तिथे ही ताकीद आली तर मागे फिरायचं. ‘नेहमीचीच साइट आहे’ हे कारण इथे चालत नाही, कारण हा हल्ला नेहमीच्या साइटच्याच नावाने होतो.

हे आजच करून बघा

• ताकीद आली की थांबा. दुसऱ्या नेटवर्कवरून, म्हणजे मित्राच्या मोबाइल डेटावरून तीच साइट उघडा. तिथे नीट उघडली, तर पहिल्या नेटवर्कमध्ये गडबड असू शकते. आधी मोबाइलची तारीख-वेळ बरोबर आहे ना तेही बघा, ती चुकली तरी ताकीद येते.

• घरच्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. राउटरचं पान बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडतं. तिथेच डीएनएसच्या रकान्यात कोणते आकडे आहेत ते पाहा. ओळखीचे वाटले नाहीत, तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीला विचारा.

• राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा, बाहेरून राउटर चालवायची सोय सुरू असेल तर बंद करा.

• अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा मोबाइल असेल तर सेटिंगमध्ये ‘खाजगी डीएनएस’ शोधा. ते सुरू केलं की मोबाइलपासून रिझॉल्व्हरपर्यंतचा प्रश्न कुलूपबंद जातो आणि राउटरने सुचवलेला ठेला टाळता येतो. अर्थात रिझॉल्व्हर निवडणं म्हणजे कुणावर तरी विश्वास टाकणंच, म्हणून नावाजलेलाच निवडा.

• कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे साइट प्रामाणिक, असं समजू नका. नाव आणि प्रमाणपत्र जुळतं, एवढंच ते सांगतं. नाव वाचायचं काम तुमचंच.

• गावातल्या नेट सेंटरच्या दादाला हा लेख दाखवा. त्याचा एक पासवर्ड बदलला, तर दिवसभर तिथे येणाऱ्या सगळ्यांना फायदा.

• पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा.

आणि कॉम्प्युटर सायन्सच्या मित्रमैत्रिणींनो, ‘करून तर बघू’ म्हणून कॉलेजच्या नेटवर्कवर हे प्रयोग नकोत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिकायचंच असेल तर स्वतःच्या दोन संगणकांत बंद जाळं उभारा आणि तिथे कितीही ठेलेवाले फसवा. दोष सापडला तर ज्याची दुरुस्ती करायची आहे, त्याला आधी कळवा. २००८ मध्ये कॅमिन्स्कीने तेच केलं. त्याने एक फोन केला, म्हणून दुरुस्ती हल्लेखोरांच्या आधी पोचली.